एका टाकीवर जनरेटर किती चालतो

गॅसची एक टाकी जनरेटरला किती वेळ पुरते, एवढा साधा प्रश्न मी भेटेल त्याला विचारला आणि एकानेही सरळ उत्तर दिलं नाही. विकणारा म्हणाला, "आरामात जाते, ताई." आरामात म्हणजे किती? "ते लोडवर आहे." बरं, अमुक एवढा लोड असेल तर? तोवर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलाही होता. सोबत मिळालेल्या पुस्तिकेत पूर्ण लोडचा आकडा होता आणि कमी लोडच्या रकान्यात नुसती रेघ मारलेली. शेवटी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "दीड म्हैना जाती की. पाव्हणं आलं तर जरा कमी."

मला हसू आलं नाही. जनरेटर घेतला होता तो आप्पांसाठी. माझे वडील जन्मभर एसटीवर ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांची फुप्फुसं कामातून गेली. आता नाकात नळी आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं घरघरणारं मशीन. सिलिंडरमधून ऑक्सिजन देणारं नाही, विजेवर हवेतून ओढून देणारं. आणि आमचं गाव वेल्ह्याच्या बाजूला, डोंगराच्या पोटात. तिथे वारं सुटलं की कुठलं तरी झाड तारांवर पडतं, वीज जाते आणि यायची तेव्हा येते.

मी भोरला राहते आणि तिथल्या एका ऑफिसात हिशेब बघते. म्हटलं, कुणी सांगत नाही तर आपणच काढू. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या वरच्या कड्याला लिहिलेलं असतं. भात मोजायचा काटा ओसरीवर आणला, भरलेली टाकी तोलली, गोठ्यात जनरेटर लावला, खिडकीतून वायर आत घेतली आणि त्याच्यावर फक्त आप्पांचं मशीन चालवलं. थोड्या थोड्या वेळाने टाकी काट्यावर चढवायची, गॅस किती कमी झाला ते बघायचं. किती सोपं!

पण नेमकी त्या रविवारी वीज गेली, आणि जनरेटरचा आवाज सगळ्या आळीला ऐकू जातो. पहिल्यांदा टाकी उतरवते तोच शेजारच्या काकू दारात. "लाइट हाय म्हनं तुमच्याकडं?" त्यांच्या पाठोपाठ पाच-सहा मोबाईल आले. मी आईकडे डोळे वटारून पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. उलट फळीवरचं एक्स्टेंशन बोर्ड काढून दिलं. मग काकू घरी जाऊन मिक्सर घेऊन आल्या, खोबरं-लसूण भांड्यात भरूनच. मिक्सर सुरू झाला, जनरेटरने कण्हल्यासारखा आवाज काढला आणि माझ्या हिशेबाचे तीनतेरा वाजले. मी चिडले तर आई म्हणते, "आगं, दारात आलेल्याला न्हाई कसं म्हनायचं? आन येवढ्याशा चटनीनं काय व्हतंय?" पुढच्या रविवारी मी पुन्हा पहिल्यापासून सगळं मोजलं, काकूंना आधीच सांगून. त्या माझ्याशी कित्येक दिवस बोलल्या नाहीत.

पण उत्तर मिळालं. एक टाकी, फक्त मशीन, इतके तास. मी ते सगळ्यांना पाठ करायला लावलं आणि भरलेली टाकी गोठ्यात राखून ठेवली.

आणि ऐन वैशाखात, सुट्टीला मी घरी असताना, सकाळी अशी वावटळ उठली की खालच्या ओढ्याजवळचे खांबच आडवे झाले. मी गोठ्यात गेले, टाकीला हात लावला, तर ती अलगद हलली. स्वयंपाकघरातली संपल्यावर आईने ही शेगडीला लावली होती, आणि ती रिकामी अजून भरून आलीच नव्हती! वरून मला सांगते, "हाय की निम्मी. परत ठिवलीय ना जागेवर?" काय बोलायचं या बाईला? काटा काढला, वजन केलं, गुणाकार-भागाकार केला आणि दोघांना बजावून सांगितलं, "चार वाजता गॅस संपेल. मी त्याच्या आत दुसरी टाकी घेऊन येते. मशीन बंद पडू द्यायचं नाही, दुसरं काही लावायचं नाही."

वेल्ह्यात टाकी मिळाली नाही. भोरलाही सुट्टीमुळे सगळं बंद. शेवटी भोरजवळच्या उत्रोलीला राहणाऱ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने भाजी अर्धी शिजलेली असताना आपल्या शेगडीची टाकी सोडवून दिली. ती स्कूटीवर दोन पायांत धरून मी निघाले. वाटेत रस्त्यावर आंबा पडलेला, माणसं तो तोडत होती. तिथे उभी राहून मी घड्याळ बघत होते आणि भांडायला कुणी नव्हतं. वाट मोकळी झाली तेव्हा चार वाजून गेले होते.

घराजवळ आले आणि कान टवकारले. जनरेटरचा आवाज नाही.

आप्पा खाटेवर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून. ओठ काळसर. मी ओरडले, "संपला ना गॅस?"

"न्हाई, न्हाई, हाय अजून," आई घाईघाईने म्हणाली. "बंद केलाय. घटकाभर लावते, घटकाभर बंद करते. भात न्हाई का, एक उकळी आली की गॅस बंद करायचा, बाकीचा वाफंवर व्हतो. म्हनलं, ह्यांनी बी छातीभर घेतलाय, तेवढ्यावर जरा निभंल."

तिला मी काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. जनरेटरची किल्ली फिरवली, मशीन घरघरलं, नळी त्यांच्या नाकात नीट बसवली, बोटाला ऑक्सिजन दाखवणारा चिमटा लावला. आकडा नको तेवढा खाली होता. तो हळूहळू चढत होता आणि मी तरीही बोलतच होते. आई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती.

"तिला नको बोलू," आप्पा म्हणाले. दोन शब्दांनंतर थांबत, दम घेत. "म्याच सांगितलं, बंद कर म्हनून."

"का पण? गॅस होता ना?"

"तू म्हनलीस, चारला संपंल. म्हंजी तू चारच्या आत यायला गाडी पळवनार. त्या रस्त्यानं. लई वर्सं गाडी चालवलीया म्या. घाईतला मानूस कसा चालवतो, ठावं हाय मला." थोडा वेळ ते नुसते श्वास घेत राहिले. "म्हनलं, गॅस शिल्लक ठिवावा. पोरगी सावकाश आली तरी चालंल."

त्या रस्त्याने मी गाडी जिवाच्या आकांताने पळवली होती. मला सावकाश येता यावं म्हणून ते तिकडे श्वास राखून बसले होते, आणि हे मला कळवायला मोबाईलला रेंज नव्हती.