छातीवरची पट्टी

माझी छाती मध्येच धडधडायला लागे, डोळ्यांपुढं अंधारी येई, आणि थोड्या वेळानं सगळं आपोआप थांबे. आमच्या घरात मात्र जो तो डॉक्टर. "काही नई शे, बठ्ठा गॅस शे," हे माझ्या थोरल्या दिरांचं, म्हणजे भडगावच्या नानांचं निदान. नवऱ्याचं त्याहून सोपं, "तू टेन्शन फार घेतेस." टेन्शन देणाऱ्यानंच हे सांगावं, वा!

एकदा ओट्यापाशी चक्क कोसळले, तेव्हा कुठं मला जळगावातल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तिथं पोचेस्तोवर ठोके ताळ्यावर. कार्डिओग्राम एकदम चोख! बाई म्हणाल्या, "हा चोर रंगेहाथच पकडावा लागेल," आणि छातीवर एक पट्टी चिकटवली. पूर्वी यासाठी गळ्यात वायरींसकट डबा अडकवायचे म्हणे. आता बिस्किटाएवढी पट्टी रात्रंदिवस ठोके नोंदवते. रोजची सगळी कामं करा, असं त्यांनी बजावून सांगितलं.

पण आमच्याकडं छातीला मशीन लागलं म्हणजे बाई अर्धी गेलीच! जळगावातच, मेहरूण भागातल्या आमच्या घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जाऊबाईंनी हातातला झाडू काढून घेऊन मला गादीवर पाडलं. "हलू नको, मशीनला धक्का लागेल." जन्मात न मिळालेली विश्रांती नेमकी तेव्हाच मिळायची होती. रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. नवऱ्यानं पेढे वाटले. मला मात्र धडकी भरली. आता पुन्हा पडले तर हे लोक नाटक म्हणतील आणि उचलायलाही येणार नाहीत.

म्हणून मी एकटीच पुन्हा बाईंकडं गेले. या वेळी जास्त दिवस चालणारी पट्टी लावून घेतली, पदराखाली झाकली आणि घरात अवाक्षर काढलं नाही. त्याच आठवड्यात नानांच्या शेतात भरिताची पार्टी ठरली. पुरुष मंडळी बाजेवर बसून राजकारण करत होती आणि अख्ख्या भावकीची वांगी मी ठेचत होते. मुसळी हाणता हाणता छाती उधळली. मी मटकन खाली बसले. "गॅस," नाना बाजेवरूनच म्हणाले.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी नवऱ्यालाही बोलावून घेतलं आणि त्या दिवशीचा आलेख स्क्रीनवर लावला. "हृदयात विजेची एक जादा वाट आहे. मांडीच्या शिरेतून बारीक तार नेऊन ती जागा जाळून टाकू. पूर्वी वर्षानुवर्षं गोळ्या घ्याव्या लागत. आता बहुतेकांना यानं कायमचा आराम पडतो." मी तिथंच ढसाढसा रडले. बरी होणार म्हणून नव्हे, खरी ठरले म्हणून.

नवरा त्या दाटीवाटीच्या रेघांकडं बघतच राहिला. मग अगदी कळवळून म्हणाला, "एवढं होत होतं, तर कधी बोलली का नाहीस गं?"

"बोलले होते," मी म्हटलं. "दर वेळी. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचात."