लाहोरची बाळंतीण

गयामावशी टीव्हीशी बोलायच्या. नुसत्या बोलायच्या नाहीत, रागवायच्या. "अगं, उतानी नको निजू, कुशीवर हो!" हा हुकूम थेट लाहोरला जायचा आणि तिथल्या नजमानं तो ऐकला नाही की शिव्या आम्ही खायचो.

मावशींना जाऊन आता वर्ष होईल. पाथर्डी तालुक्यातल्या त्यांच्या गावी मी शाळामास्तर होतो आणि शेजारच्याच खोलीत राहायचो. मावशी सुईण. ऊसतोडीच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, त्यांनी कितीतरी बाया सोडवल्या. "हात लावल्यावर बाई अर्ध्यात सोडली न्हाई कंदी," हे त्या दिवसातून चारदा ऐकवायच्या. आम्हीही चारदा मान डोलवायचो, नाहीतर चहा मिळायचा नाही.

पाकिस्तान त्यांना बातम्यांतला ठाऊक: रणगाडे, मिशा आणि आरडाओरडा. मग मला दुर्बुद्धी सुचली. मोबाईल टीव्हीला जोडून मी तिकडची एक मालिका लावून दिली. पहिल्याच भागात नजमाच्या हातून दूध उतू गेलं आणि सासूनं तिला फैलावर घेतलं. मावशी चाटच पडल्या. "आत्ता गं बया! त्यांच्यातबी दूध उतू जातं व्हय?" त्या दिवसापासून रणगाडे मागं पडले. "त्या सासूला एकदा माझ्या म्होरं आना," हे रोजचं झालं. भाषा कळते का, असं विचारलं तर माझ्याच अंगावर आल्या. "बाईचं दुखनं कळाया भाषा कशाला लागती, मास्तर?"

नजमाला दिवस गेले. सातव्या महिन्यात मावशींनी टीव्हीला हळदकुंकू लावून रीतसर ओटी भरली, खणानारळासकट. पडद्यावरचं कुंकू पुसायची कुणाची छाती नव्हती. नववा लागला, नजमाला कळा सुरू झाल्या, भाग संपला. आणि दुसऱ्या दिवशी सीमेवर तणाव वाढून तिकडच्या सगळ्या मालिका बंद!

मावशी जेवेनात. "बाई अडलीया अन् तुमी दार लावता?" असं म्हणत ग्रामसभेत त्या उठून उभ्या राहिल्या आणि मालिका चालू करा म्हणाल्या. विषय चालला होता नळयोजनेचा. सरपंच म्हणाले, "मावशी, हे आपल्या हद्दीत येत न्हाई." सरपंचही त्यांच्याच हातावर जन्मलेले. "बाळंतपनाला कसली रं हद्द?" सभा खो खो हसली आणि मावशी रडल्या. मला फार वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी मी सरळ थाप मारली. "मावशी, मोबाईलवर कळलं. नजमा सुटली. मुलगी झाली."

"लगीच रडली का?"

"रडली."

"वार समदी पडली का?"

"सगळी," मी ठोकून दिलं. वार म्हणजे काय, हे मी नंतर फोन करून बायकोला विचारलं; बाळामागून पडते ती, म्हणाली.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. जन्मभर बायकांना धीर द्यायला त्यांनीही थापा मारल्या असणार. माझी त्यांनी तिथंच ओळखली, याबद्दल मला शंका नाही. "सुटली म्हना की," म्हणाल्या आणि चूल पेटवायला उठल्या.

हिशेबानं दुसऱ्याच दिवशी पाचवी येत होती. मावशींनी टीव्हीपुढं पाटा-वरवंटा मांडला, दिवा लावला, हात जोडले. तेवढ्यात शेजारच्या घरात बातम्या लागल्या. निवेदक घसा फोडून लाहोर बेचिराख करायला निघाला होता. मावशी तशाच तरातरा दारात गेल्या आणि ओरडल्या,

"ए बाबा, बारीक कर त्यो आवाज! घरात वली बाळंतीन हाय!"

शेजाऱ्यानं मुकाट्यानं टीव्ही बंद केला.