‘खेरीज’ या शब्दापाशी

स्त्रियांच्या तुरुंगात मी दर मंगळवारी वर्ग घ्यायला जात असे. आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे संविधानातली महत्त्वाची कलमं तोंडपाठ होती. खटला अजून निकाली न निघालेली शेवंताबाई तिथेच वाचायला शिकली होती. एके दिवशी जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या कलमावरून फिरणारं तिचं बोट थांबलं.

“बाई, ‘खेरीज’ म्हणजे काय?”

“म्हणजे शिवाय. कायद्याची रीत पाळल्याशिवाय कुणाचंही स्वातंत्र्य काढून घेता येत नाही.”

“माझ्या बाबतीत रीत पाळतातच की. तारीख पडते. कधी न्यायला गाडी नसते, कधी साक्षीदार येत नाही. मग पुढची तारीख पडते. चार वर्षं झाली.”

याच कलमावर मी शाळेत दोन गुणांचा प्रश्न घालत असे. त्या एका वाक्यात माणूस वर्षानुवर्षं अडकून पडू शकतो, हे मला कधी दिसलंच नव्हतं. खटला लवकर चालावा हा हक्कही याच कलमात येतो, असं मी तिला सांगितलं. दोघींनी मिळून तसा अर्ज लिहिला.

पुढच्या मंगळवारी ती भिंतीला टेकून बसली होती.

“काल नेलं होतं. न्यायाधीश रजेवर होते,” ती म्हणाली आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. “पुढचं शिकवा.”

पुढे लिहिलं होतं, की अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं पाहिजे. मी ते वाचून दाखवलं. वाचताना तिच्याकडे बघायचं मात्र टाळलं.