आईच्या अंघोळीचं पाणी

माझी आई मेलेल्या बायकांना अंघोळ घालायची.

दचकू नका. आज तिचं वर्षश्राद्ध आहे आणि गोडगोड लिहायला मला जमत नाही, म्हणून जे होतं ते लिहितेय.

इगतपुरीत आमच्या आळीत नाहीतर वरच्या रेल्वे कॉलनीत कुठल्याही घरात बाई गेली, की आधी आमच्या दाराची कडी वाजायची.

"सुमनमावशी, येता का?"

आई हातातलं काम तिथंच ठेवायची. कणीक मळत असली तर परातीवर ताट झाकून निघायची. त्या घरचा चहासुद्धा घ्यायची नाही.

हे सुरू कसं झालं, तर रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये एका खलाशी कामगाराची बायको तापानं गेली. लांबच्या मुलखातली माणसं, नात्यागोत्याचं कुणी नाही. हात लावायला एक बाई पुढे होईना. आई भाजी आणायला निघालेली. पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि आत गेली.

त्या दिवसापासून ते काम तिचंच झालं.

आता एक सांगते. मयताचं पाणी घरातल्या शेगडीवर तापवत नाहीत. अंगणात तीन दगड मांडायचे, वर हंडा ठेवायचा. पण आमच्या घाटमाथ्यावर जुलैमध्ये अंगणात काडी तरी पेटते का? मग लोक गार पाण्याचे दोन तांबे ओतून मोकळे व्हायचे.

आईला ते अजिबात खपायचं नाही.

"जन्मभर सगळ्यांना गरम वाढलं तिनं. आन् तिला गार पाणी? लाजा वाटू द्या जरा."

म्हणून तिनं एक रॉकेलचा स्टोव्ह वेगळा ठेवलेला. फक्त त्याच कामाचा. पडवीत कोपऱ्यात असायचा, आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती.

पहाटे कधी जाग आली, की ती खिडकीतून दिसायची. एका हातात स्टोव्ह, दुसऱ्या हातात छत्री. चार पावलं गेली की अर्धी धुक्यात. अजून थोडी पुढे गेली की नुसती छत्री. मग तीही नाही.

मी परत झोपायचे. उठायचे तेव्हा ती ओल्या केसांनी चहा गाळत असायची. कितीतरी वर्षं मला वाटायचं, हे सगळं मी स्वप्नात बघते.

एकदा मला सोबत नेलं, आडोशाला चादर धरायला. आतून आईचा आवाज येत होता. "हात दे गं. हं. आता मान इकडं. झालंच बघ."

परत येताना विचारलं, "आई, त्यांना ऐकू जातं का?"

"आपल्याला जातं ना. गुपचूप केलं की भांडी घासल्यासारखं होतं."

गेल्या वर्षी अशाच पावसात आई गेली. सकाळी जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही.

मी सातपूरहून पोचले तेव्हा माझा भाऊ नीलेश पडवीत उकिडवा बसून तो स्टोव्ह पेटवत होता. वॉशर वाळून गेलेला. टाकीत थेंब नाही, आणि रॉकेल आता मिळतं कुठं? कंपनीत भल्याभल्या मशीन दुरुस्त करतो हा. इथे रडत रडत पिन मारत होता.

आप्पा, आमचे चुलते, दारात आले. "पोरांनो, लय उशीर व्हतोय. दोन तांबे गार घाला न उरका. चालतं."

"नाय चालत, आप्पा."

बोलून तर बसले. पण गरम पाणी आणू कुठून? अख्ख्या गावाला तिनं ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, आणि तिच्याच अंगावर मी गार पाणी ओतणार?

तेवढ्यात समोरच्या काकू आल्या. सोवळ्याच्या इतक्या कडक, की आई मयताहून परतली की त्या आपला उंबरा धुऊन काढायच्या. त्या दिवशी त्यांच्या दोन्ही हातांत फडक्यानं धरलेलं पातेलं होतं. त्यातून वाफा निघत होत्या.

"घे. गॅसवर तापवलंय."

"अहो, घरातल्या गॅसवर?" मागून कुणीतरी बोललंच.

"हो. माझ्याच ओट्यावर. माझ्या सासूबाईंना हिनं अंघोळ घातली तेव्हा मी माजघरात लपून बसले होते. आता मला कुणी शिकवू नका."

मग शेजारचं दार उघडलं. मग त्याच्या पुढचं.

बादल्या आल्या, हंडे आले, एक पोरगी तर कुकर घेऊन आली. बाहेर धुकं आणि आत वाफ. कोण कुणाची सून, कोण कुणाची लेक, काही ओळखू येईना. नुसते बांगड्यांचे हात दिसत होते. एकेक तांब्या घालायचे आणि मागे व्हायचे.

मी आईची पाठ चोळली. लग्नाआधी दर दिवाळीला चोळायचे तशी. खूप बरं वाटलं मला. हे असं लिहू नये, पण वाटलं.

"झालं का गं?" आप्पांनी बाहेरून विचारलं. "उचलायचंय."

मी साडी उलगडायला घेतली. तेवढ्यात आळीच्या टोकाकडून एक बाई डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद धरून पळत आली. दम लागलेला.

"थांबा जरा. आमच्याकडचं पाणी अजून तापतंय."

सगळे आप्पांकडे बघायला लागले.

आप्पांनी भिजलेली टोपी काढली, पिळली आणि ते बाहेरच्या ओट्यावर बसले.

"थांबा रे," म्हणाले. "तापू द्या."

आई, सावकाश जा. वाट निसरडी आहे.

तुझी मोठी, आणि नीलेश.