भावजींची टेप

माझे धाकटे दीर मुलींच्या बॅलेच्या वर्गात पियानो वाजवत. त्या वर्गाचे झगे मी शिवत असे, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. भावजींचा जीव मात्र जॅझमध्ये. वर्ग सुरू होण्याआधी ते बॅलेची एखादी जुनी, गंभीर सुरावट घेत आणि तिला असं डुलवत, की बूट बांधणाऱ्या मुलींचे खांदे आपोआप हलू लागत.

एकदा नृत्याच्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "यावरच वार्षिक कार्यक्रम बसवू. तुम्ही रंगमंचावर बसून वाजवायचं."

भावजींनी लगेच काळा कोट शिवून घेतला. आमचे हे जेवता जेवता म्हणाले, "नाचणार पोरी, कोट तुला कशाला? मयताला जायचंय का?"

"तुम्ही या तर खरं, दादा."

दादांनी एकदा बसून ऐकावं, एवढंच भावजींना हवं होतं. हे आजवर कधी दोन मिनिटंही थांबले नव्हते.

मुलींना घरी सराव करता यावा, म्हणून बाईंनी एका सकाळचं वाजवणं टेप करून घेतलं. तिथेच घोडं अडलं. मुलींच्या उड्या टेपमधल्या ठोक्यांवर पक्क्या बसल्या, आणि भावजी काही तेच पुन्हा वाजवेनात. आज एखादा सूर लांबवत, उद्या ठोका जरा मागे ठेवत. मुली हवेत असतानाच ठोका निसटे आणि त्या धपाधप एकमेकींवर आदळत.

"काका पुन्हा चुकले!"

"अगं, जॅझ दोनदा सारखं वाजत नाही," ते समजावत.

रंगीत तालमीत सगळ्यांत उंच मुलीचा पाय मुरगळला. बाईंनी सर्वांदेखत विचारलं, "टेपसारखं वाजवता येतं की नाही?"

त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. स्वतःचीच नक्कल त्यांना जमेना. पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

"तुमच्यापेक्षा तुमची टेप शहाणी," बाई म्हणाल्या. "उद्या नुसती बोटं हलवा. कोट छान आहे, लोकांना दिसू दे."

आणि शिपायाकरवी त्यांनी पियानोच्या तारांवर जाड चादर टाकून घेतली.

दुसऱ्या दिवशी टेप वाजली, भावजींनी बोटं हलवली. हे पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसले, मान डोलावत. टाळ्या पडल्या तेव्हा भावजींना उठून वाकावं लागलं.

घरी येताच हे म्हणाले, "आज पहिल्यांदा माणसासारखं वाजवलंस. एवढं येत होतं, तर इतकी वर्षं काय झक मारत होतास?"

"हो, दादा," भावजी म्हणाले, आणि पाठ फिरवून कोट काढू लागले.

सोमवारी ते वर्गात गेले, तर पियानोच्या बंद झाकणावर टेपरेकॉर्डर ठेवलेला.

"बटण तुम्हीच दाबा, काका," बाई म्हणाल्या. "मुलींना तुमची सवय आहे."

भावजींनी बटण दाबलं.