न पाजलेला चहा

आंध्राच्या हद्दीवरच्या वांकिडीच्या बाजारात राहीबाई पोस्टाच्या भिंतीला टेकून भाजी विकायला बसतात. त्यांची मेथीची जुडी लांबूनही ओळखू येते. अंबाडीच्या सालीचे दोन वेढे आणि गाठ देठांच्या आत दडवलेली. घरी नेईपर्यंत एक काडी सुटत नाही. एखादी अनोळखी बाई उन्हात उभी दिसली, की "बस वं" म्हणून त्या पोतं तिच्याकडे सरकवतात. ती बाई तेलुगू बोलणारी असो की गोंडी, त्यांचं काही अडत नाही.

ही सवय मी एकदा त्यांना सोडायला लावली होती.

ब्याण्णव साली आमच्या भागातून काशी-नेपाळची यात्राबस निघाली. आमच्या यांना दुकान सोडता येईना, म्हणून मी एकटीच गेले. बी.ए. झालेली म्हणून बायकांची जबाबदारी माझ्याकडे आली. राहीबाईंची लेक विमल बसपाशी आली आणि आईचा हात माझ्या हातात देऊन म्हणाली, "आईले सांभाळजा, वहिनी."

नेपाळची हद्द ओलांडल्यावर मी बसमध्ये उभी राहिले आणि नियम सांगितले. परका देश आहे. कोणाच्या हातचं खायचं-प्यायचं नाही. नाव-गाव कोणाला सांगायचं नाही. कोणी विचारलंच तर एवढंच म्हणायचं, आमची माणसं मागंच आहेत. जत्रेला जाताना करतो तशी प्रत्येकीच्या पिशवीत नावाची आणि वांकिडीच्या पत्त्याची चिठ्ठीही टाकली. काठमांडूत आम्ही कुठे उतरणार, ते त्या चिठ्ठीवर असायला हवं, हे मला सुचलं नाही.

"पानी तरी पिऊ द्यान ना, वहिनी?" म्हाताऱ्या अमृतरावांनी मागून विचारलं. सगळे हसले. मी नाही हसले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. पशुपतिनाथाला मुंगीला वाट मिळू नये एवढी गर्दी. दर्शन घेऊन बाहेर आलो तर राहीबाई नाहीत. नदीच्या दोन्ही काठांनी हाका मारत फिरलो. अमृतराव पोलिसांकडे जाऊन आले. मंगळवारी सकाळी बस परत निघणार होती, आणि विमलला काय तोंड दाखवायचं, याखेरीज माझ्या डोक्यात काही नव्हतं. शेवटी, त्या परतल्याच तर कोणीतरी असावं म्हणून मी लॉजच्या फाटकाशी येऊन उभी राहिले.

तोवर काय झालं ते मला मागाहून कळलं. राहीबाई माझे नियम अक्षरशः पाळत होत्या. पोलीस विचारायला आला. त्या म्हणाल्या, आमची मानसं मांगच हायेत. तो गेला. नागपूरकडचं एक कुटुंब थांबलं. त्यांनाही हेच उत्तर. कोणी पाणी पुढे केलं तर मान हलवली. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत त्या देवळाच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्याच्या कडेला तशाच.

शेजारी एक नेपाळी बाई मोहरीसारख्या रुंद पानांची भाजी विकत होती. तिच्या जुड्या सारख्या सुटत होत्या. ते राहीबाईंना बघवेना. एक जुडी उचलून त्यांनी आपल्या पद्धतीनं बांधली. मग दुसरी. दहा-बारा झाल्यावर बाईनं लोटाभर पाणी दिलं, ते त्या प्यायल्या आणि आपलं नाव सांगून, तिचंही विचारून मोकळ्या झाल्या. लॉजचं नाव मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. पण सकाळी खिडकीतून समोरचा वाफा त्यांनी पाहिला होता. वेळेवर कापली नाही म्हणून सगळी फुलकोबी फुटून पिवळ्या फुलांवर आलेली. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी ते सांगितलं. भाजीवालीला तो वाफा बरोबर माहीत होता. टोपली शेजारणीवर सोपवून ती निघाली.

मला फाटकातून दिसलं ते एवढंच: अनोळखी बाई, तिच्या खांद्यावर राहीबाईंची पिशवी, आणि राहीबाईंचं मनगट तिच्या हातात.

मी धावत जाऊन पिशवी हिसकावली. हिंदीत ओरडले, इसको कहाँ ले जा रही थी? लोक जमले.

"वहिनी, ऐका तं," राहीबाई म्हणाल्या.

मी ऐकलं नाही. काय काय गेलं ते बघते म्हणून सगळ्यांसमोर पिशवी पायरीवर उपडी केली. ओलं लुगडं, प्रसादाची पुडी, माझ्या अक्षरातली चिठ्ठी. आणि एक हिरवी जुडी, गाठ देठांच्या आत दडवलेली.

जुडी बघितल्यावर मी रिकामी पिशवी खाली ठेवली. त्या बाईनं खाली वाकून प्रसादाची पुडी उचलली, पुसली, राहीबाईंच्या हातात दिली. त्यांना हात जोडले आणि गेली. मी पायरीवरच्या वस्तू गोळा करेपर्यंत ती वळणापलीकडे होती. खरं सांगायचं तर मी तिच्यामागे गेलेही नाही. सगळे बघत होते ना.

गावी परतल्यावर राहीबाईंना ही गोष्ट पुन्हापुन्हा सांगावी लागली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, माझ्याच घरी, त्या रंगात आल्या. जुड्या, पाणी, कोबीचा वाफा. फाटकापाशी गोष्ट आली तशी मी वाणाचं ताट उगाच सारखं करू लागले.

"मंग आमच्या वहिनीनं तिले बसवलं," त्या म्हणाल्या, "न् चांगला आद्रकाचा चहा पाजला."

बायका माझ्याकडे कौतुकानं बघू लागल्या. मी मान डोलावली.

सगळ्या गेल्यावर त्यांना गाठून विचारलं, तसं काऊन सांगितलं?

"पाजला अस्ता तुमी," चप्पल शोधत राहीबाई म्हणाल्या. "भेल्या होत्या ना तवा."

सहा वर्षं झाली. त्या अजून तसंच सांगतात, आणि मी शेजारी बसून तो चहा पाजल्याचं कौतुक घेते. त्या बाईचं नाव राहीबाईंना ठाऊक आहे. ते विचारायला मी बाजाराच्या दिवशी दोनदा त्यांच्या पोत्याशी जाऊन उभी राहिले, आणि दोन्ही वेळा मेथी घेऊन घरी आले.