"सध्या जागा नाही" म्हटल्यावर

मंडळी, चंदनसारच्या सायबर कॅफेतून लिहितेय. घरी जाऊन स्वयंपाकाला लागले की हे सांगायचं राहून जाईल.

लेक पहिलीत गेल्यापासून मी पुन्हा नोकरी शोधतेय. लग्नाआधी मी केमिस्ट होते. आज सकाळी वसई पूर्वेच्या एका रंगाच्या कारखान्यात फोन केला आणि लग्नानंतर घरीच होते, मुलगी लहान आहे, सगळं सांगितलं.

लॅबचे साहेब म्हणाले, "सध्या जागा नाही मॅडम."

एरवी मी "बरं, थँक्यू" म्हणून फोन ठेवते. आज म्हटलं, "नसू दे सर. जागा निघेल तेव्हा माझा विचार कराल का?"

"इतकी वर्षं घरी होतात. आता हात चालेल का?"

"एक दिवस कामाला बसवून बघा."

"आणि मुलगी आजारी पडली तर?"

राग आला. तरी शांतपणे विचारलं, "सर, हे तुम्ही पुरुषांनाही विचारता का?"

वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, "नाही विचारत. सोमवारी येऊन भेटा. नोकरीचं मात्र नक्की नाही हं."

फोन ठेवला आणि डोळे भरून आले. लग्नाआधीची लॅब आठवली. नळीतून रसायन थेंब थेंब सोडत बसायचं आणि एका थेंबाला फ्लास्कमधलं द्रावण अचानक गुलाबी व्हायचं. पगार तर हवाच आहे, पण त्याहून जास्त मला तो गुलाबी रंग पुन्हा बघायचाय. सोमवारी निदान लॅबमधल्या रसायनांच्या त्या वासात थोडा वेळ उभी तरी राहीन.

तुम्हाला सुटलेल्या कामातलं सगळ्यात जास्त काय आठवतं?